जीव खाऊन पळतोस, म्हणून टायमिंग बसत नाही

एका पोराने विचारलंय, पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १६०० मीटरला पहिले तीन राउंड ७८-७९ सेकंदांनी जातात आणि चौथ्याला खांदे कानाला लागतात, मान आखडते, हात छातीला चिकटतात आणि तो राउंड ८७ ला जातो, टोटल ५.२३, म्हणजे ५ मिनिटं २३ सेकंद. शंभर मीटरचं तर उलटंच, पोरांसोबत सहज पळताना १२.४ येतात आणि टेस्ट म्हणून घड्याळ लावलं की १२.९. "सर जेवढा जोर लावतो तेवढं टायमिंग खराब होतंय, ताकद कमी पडतेय का, जिम लावू का?"

जिम लाव, त्याला ना नाही, पण हा घोळ जिमने सुटणारा नाही. ज्याची ताकद कमी असते त्याचं टायमिंग सरावात पण खराब येतं आणि टेस्टला पण खराब येतं. तुझं सरावात चांगलं आणि टेस्टला वाईट येतंय म्हणजे इंजिन ठीक आहे, तू हँडब्रेक ओढून गाडी पळवतोयस. बावीस वर्षं ग्राउंडवर पोरं पळवतोय, भरतीच्या प्रत्येक बॅचमध्ये अशी निम्मी पोरं तरी असतात. आणि खरं सांगू का, मी स्वतः त्यातलाच होतो.

कॉलेजला असताना मी ४०० पळायचो. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ३०० मीटरपर्यंत मी पुढे, चांगला चार-पाच मीटर पुढे, आणि शेवटच्या वळणातून बाहेर आलो तर कडेला उभी असलेली आमच्या हॉस्टेलची सगळी पोरं ओरडायला लागली, दाब दाब, सोडू नको. मी दाबलं. मुठी आवळल्या, दात आवळले, डोळे बारीक केले, मान मागे. शेवटच्या साठ मीटरमध्ये तिघं जण माझ्या बाजूने निघून गेले आणि मला वाटत होतं मी आयुष्यात एवढा जोर कधी लावला नाही. फिनिशनंतर गवतात पडलो आणि हात उघडला तर तळव्यावर नखांच्या चार चार लाल खुणा, चंद्रकोरीसारख्या, दोन्ही हातांवर. दुसऱ्या दिवशी पाय दुखले नाहीत एवढा जबडा दुखला, सकाळी भाकरी चावता येईना. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं की अरे बाबा, तो जो जोर तू जबड्यात आणि मुठीत खर्च केलास त्याने पाय एक इंच पण पुढे जात नाही.

आपल्या भाषेतच बघ ना. मेहनतीसाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत ते सगळे आवळायचेच आहेत. दातओठ खाऊन पळ, मुठी आवळून पळ, कंबर कस, जीव खाऊन पळ. आणि सैल शब्दाला आपण कायम वाईटच म्हणतो, ढिला पडला, हात सैल सोडला, अंग चोरलं. मग पोराला मी म्हणलं की अंग सोड, तर त्याला वाटतं सर हळू पळायला सांगतायत. सुरुवातीचे पंधरा दिवस माझे याच्यातच जातात. अंग चोरणं वेगळं, अंग सोडणं वेगळं. अंग चोरणारा काम करणाऱ्या मसलला सुट्टी देतो. अंग सोडणारा, ज्याचं तिथे काही काम नाही पण उगाच मध्ये लुडबूड करतोय, त्या मसलला बाजूला बसवतो.

विश्वास बसत नसेल तर आत्ता वाचता वाचता एक कर. उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर जेवढं भराभर आपटता येईल तेवढं आपट, दहा सेकंद, हात सैल ठेवून, आणि मोज. आता तेच परत कर पण या वेळी बाकीची बोटं घट्ट मुडप, मनगट आवळ, दंड फुगव, खांदा वर घे, दात आवळ. आकडा कमी येणार, आणि वर दहा सेकंदात हात भरून येणार ते वेगळंच. बोट तेच, ताकद तीच. पळताना तुझ्या पायाचं हेच होतंय.

आतमध्ये काय होतं ते थोडं समजून घे, कारण समजलं की पोरं ऐकतात, नुसतं सैल पळ सैल पळ म्हणलं की ऐकत नाहीत. मांडीच्या पुढच्या बाजूला मसल आहे ती गुडघा सरळ करते, मागच्या बाजूला हॅमस्ट्रिंग आहे ती गुडघा दुमडते. पुढची ओढत असताना मागचीने सोडायचं असतं, आणि मागची ओढत असताना पुढचीने. विहिरीवर रहाट ओढताना दोघं दोन बाजूंनी ओढायला लागले तर बादली कुठे जाणार? शंभर मीटरला सेकंदाला चारेक पावलं पडतात, म्हणजे एकेका पायाला सेकंदातून दोनदा पकड-सोड पकड-सोड करायचं आहे. पकडायला सगळ्यांनाच येतं. जो लवकर सोडतो तो फास्ट. तू घाबरलास किंवा उगाच जोर लावलास की दोन्ही बाजू एकदम पकडून बसतात, पाय जड होतो, पाऊल आखूड होतं, आणि तुला वाटतं ताकद कमी पडली म्हणून तू अजून आवळतोस.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच कोचना पण माहीत नसते. मसल सैल पडणं हे फुकट होत नाही, त्याला पण एनर्जी लागते. मसलमधला आवळलेला धागा सुटायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन लागतं, आणि आकुंचनासाठी बाहेर सोडलेलं कॅल्शियम परत आत ओढायला पण एटीपीच लागतं. माणूस गेल्यावर काही तासांनी प्रेत ताठ होतं ना, ते याच्यामुळेच, एटीपी संपलं, धागे धरलेले तसेच राहिले, सोडायला काही उरलं नाही. चौथ्या राउंडला तुला जे लाकडासारखं वाटतं ते अर्थातच तेवढं टोकाचं नाही, पण दमल्यावर मसलचं सोडणं मंदावतं, हे खरं. आता त्यात तू खांदे, मान, जबडा, मुठी या सगळ्यांना पहिल्या राउंडपासून कामाला लावलंस तर त्या पण ऑक्सिजन खाणार, आणि खांदे वर गेले की श्वास पण वरच्यावर होतो, छातीच्या वरच्या भागात. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली. चौथा राउंड ८७ ला नाही जाणार तर काय.

हे मी काही नवीन शोधून सांगत नाहीये. अमेरिकेत सॅन होजेला बड विंटर नावाचा कोच होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात तो नेव्हीच्या पायलट होऊ घातलेल्या पोरांना अंग सैल सोडून झोपायला शिकवायचा, कारण ताणाने पोरं झोपत नव्हती आणि चुका करत होती. युद्ध संपल्यावर तेच त्याने स्प्रिंटरवर वापरलं, जबडा सैल, हात सैल, आणि पूर्ण जोर नाही, दहातला नऊ भाग जोर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकला त्याच्या हाताखालून गेलेल्या टॉमी स्मिथने २०० मीटर १९.८३ ला मारली आणि ली इव्हान्सने ४०० मीटर ४३.८६ ला, तो ४०० चा रेकॉर्ड पुढे जवळजवळ वीस वर्षं टिकला. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोसचा व्यासपीठावर मूठ वर केलेला फोटो तू पाहिला असशील, जगात गाजलेला फोटो आहे, दोघंही विंटरचेच. मी पोरांना गमतीने सांगतो, मूठ त्यांनी आवळली ती मेडल घेताना, पळताना नाही.

दुसरं, १९९१ ची टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिप, पुरुषांची १०० मीटर फायनल, यूट्यूबवर आहे, दहा वेळा बघ. सहा जण दहा सेकंदांच्या आत आले त्या रेसमध्ये. कार्ल लुईस साठ मीटरला पुढे नव्हता. नंतर तो बाकीच्यांना मागे टाकून ९.८६ चा वर्ल्ड रेकॉर्ड करतो आणि बघणाऱ्याला वाटतं त्याने शेवटी स्पीड वाढवला. वाढवला वगैरे काही नाही. शेवटाकडे जगातला प्रत्येक स्प्रिंटर स्लो होतो, लुईस कमी स्लो झाला एवढंच. शेवटच्या वीस मीटरमध्ये त्याच्या गालाकडे बघ आणि बाजूच्यांच्या गळ्याच्या शिरांकडे बघ, मग मला सांग.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे व्हिडिओ काढ. मित्राला मोबाईल देऊन चौथ्या राउंडच्या शेवटच्या सरळ भागावर बाजूला उभा कर, समोर नको, बाजूने आणि जमलं तर स्लो मोशनमध्ये. तुला वाटतं तू १२०० नंतर दमतोस आणि मग आखडतोस. नव्वद टक्के पोरांच्या व्हिडिओत मला उलटं दिसतं. शेवटचा राउंड म्हणून शिट्टी वाजते किंवा कुणीतरी ओरडतं, त्या क्षणी खांदे वर जातात, अजून दम लागायचा असतो. म्हणजे पोरगा आधी आखडतो, मग दमतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्याने दिसलं की अर्धं काम होतं.

मग पान. वाळलेलं पान घ्यायचं, पिंपळाचं सगळ्यात भारी, आमच्या ग्राउंडच्या कडेला मोठा पिंपळ आहे म्हणून मला ती सवय लागली. पान अंगठा आणि पहिल्या बोटात हलकं धरायचं, दोन्ही हातांत एकेक, बाकीची बोटं त्याच्यावर नुसती टेकवायची, आणि ८० मीटरच्या सहा स्ट्राइड मारायच्या, वेगात पण ओढाताण न करता. शेवटी हात उघडून दाखवायचा. गेल्या साली एक पोरगी होती, ८०० ची तयारी, अंगाने काटक, दम भरपूर, पण पळायला लागली की कुणावर तरी चिडल्यासारखी पळायची. पहिल्या दिवशी तिने हात उघडला तर पानाचा पार चुरा, घामाने हाताला चिकटलेला, देठ तेवढा शिल्लक. ती म्हणाली सर मी दाबलंच नाही. खोटं बोलत नव्हती ती, तिला खरंच कळलं नव्हतं. चौथ्या दिवशी पान अख्खं आलं. त्या दिवशी तिला घड्याळ दाखवलं नाही मी, मुद्दाम. आठवड्याने दाखवलं, तेव्हा तिला पटेना.

तर मूळ अडचण ही आहे की आवळलेलं कळतच नाही. वर्षानुवर्षं खांदा वर असेल तर तोच नॉर्मल वाटतो. म्हणून रात्री झोपताना दहा मिनिटं हे कर. शिकागोमध्ये एडमंड जेकबसन नावाचा डॉक्टर होता, १९२० च्या दशकात त्याने ही पद्धत बसवली, आधी मुद्दाम आवळायचं आणि मग सोडायचं, म्हणजे दोन्हीतला फरक डोक्याला कळतो. अंथरुणावर पड, उजवी मूठ पाच-सात सेकंद आवळ, मग एकदम सोड आणि वीस-तीस सेकंद नुसतं लक्ष दे की सोडल्यावर कसं वाटतंय. मग डावी, मग दंड, खांदे कानापर्यंत आणि सोड, कपाळ, डोळे, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटरी जपून, जास्त आवळलीस तर गोळा येईल आणि मला शिव्या देशील. शाळेत शवासन केलं असशील, सगळे पोरं त्यात झोपायची, हे त्याचंच जरा कामाला लावलेलं रूप समज. दोन-तीन आठवडे रोज केलंस की पळताना खांदा एक इंच जरी वर गेला तरी आतून घंटी वाजते. मोबाईल बाजूला ठेवून करायचं बरं का, हातात रील चालू आणि खांदे सैल, असं होत नाही.

शंभर मीटरसाठी माझी एक जुनी युक्ती आहे. पोराला ६० मीटर पळवायचं, पहिल्यांदा सोळा आणे जोर, सगळं लावून. चार-पाच मिनिटं आराम. मग चौदा आणे. टायमिंग दोन्हीचं घ्यायचं पण सांगायचं नाही, आधी त्यालाच विचारायचं कुठलं फास्ट गेलं. पोरं छातीठोकपणे पहिलं सांगतात. बऱ्याच वेळा दुसरं तेवढंच असतं किंवा एखाददोन दशांश चांगलं असतं. तुझं सरावातलं १२.४ हे चौदा आण्यांचं आहे आणि १२.९ सोळा आण्यांचं, म्हणजे तुझा प्रयोग आपोआपच झालाय, फक्त तू त्याचा अर्थ उलटा लावलास.

याच्या पुढचं म्हणजे सोड-पकड. १२० मीटर घे, चार भाग कर तीस तीसचे, विटा किंवा चपला ठेवून खुणा कर. पहिल्या तीसात वेग वाढवत न्यायचा, दुसऱ्यात पूर्ण, तिसऱ्यात सोडायचं, म्हणजे पाय तेवढ्याच भराभर पण जोर काढून घ्यायचा, उतारावर सायकलचं पायडल मारतो तसं, आणि चौथ्यात परत पूर्ण. तिसऱ्या भागात बघणाऱ्याला वेग कमी झालेला दिसला नाही पाहिजे. सुरुवातीला सगळे तिथे ब्रेक मारतात, चालतंय, आठवड्यातून दोनदा चार-चार मारत राहिलास की महिन्याभरात जमतं. पूर्ण वॉर्मअप झाल्याशिवाय हे करायचं नाही, हॅमस्ट्रिंग गेली तर भरती गेली.

चेहऱ्याचं वेगळं सांगतो. केनियाचा मॅरेथॉन पळणारा एल्युड किपचोगे, त्याचा व्हिएन्नाचा व्हिडिओ आहे, १२ ऑक्टोबर २०१९, मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत, त्यात तो मध्येच हसतो. लोकांना वाटतं आनंदाने हसतोय, तो स्वतः सांगतो की मुद्दाम हसतो, अंग सैल राहावं म्हणून. तुला हसायला सांगत नाही, आपल्याकडे भरतीच्या ग्राउंडवर हसलास तर वरून साहेब विचारतील काय झालं रे. पण गाल हलले पाहिजेत. वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत, जीभ खाली पडलेली, ओठ जरा उघडे. जबडा सुटला की मान सुटते, मान सुटली की खांदे आपोआप खाली येतात, हे मी शेकडो पोरांवर बघितलंय. म्हणून मी ग्राउंडवर "जोर लाव" ओरडणं कधीच बंद केलं, आता "गाल सोड" ओरडतो, नवीन आलेली पोरं हसतात, हसली तर बरंच आहे.

आता तुझा १६००. पूर्ण मार्कांसाठी ५.१० च्या आत, म्हणजे राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तुझे पहिले तीन जवळपास बरोबर आहेत. प्रत्येक राउंडमध्ये दोन ठिकाणं ठरव, दोन्ही वळणं संपतात ती. तिथे आलं की एक लांब श्वास तोंडाने बाहेर फेक, फू करून, आवाज आला पाहिजे, आणि त्या श्वासासोबत खांदे खाली पडू दे. मग जबडा, मग बोटं. बस तीनच गोष्टी, श्वासाबरोबर खांदे, जबडा, बोटं. एखाद्या राउंडला दोन पावलांपुरते हात खाली सोडून झटक आणि परत घे, त्याने एक दशांश पण जात नाही. कोपर मागे जाऊ दे, हात छातीसमोर आडवा जायला लागला की समज खांदे वर गेलेत. सरावात ४०० चे सहा मार, ७७-७८ ने, मध्ये दीड मिनिट हळू जॉगिंग, आणि नियम असा ठेव की ज्या राउंडला पान चुरलं तो मोजायचा नाही. शेवटचे दोन राउंड खरे, पहिले चार नुसते तिथपर्यंत पोचायला आहेत. दुसऱ्या एखाद्या दिवशी १००० मीटर रेसच्या वेगाने, एक मिनिट थांब, आणि लगेच ४०० सैल. दमलेल्या अंगाला सोडायला शिकवायचंय, ताज्या अंगाला कुणीपण सोडतं.

खोटी आशा दाखवत नाही, याने ८७ चे ८२-८३ होतील असा माझा अंदाज. उरलेले सेकंद बेसमधून येणार, म्हणजे आठवड्यातून दोन-तीन दिवस लांब, हळू, गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने पळणं. ते तू टाळतोयस असं मला वाटतंय, कारण रोज टायमिंग लावणारी पोरं ते टाळतातच. रोज टेस्ट देणारा माणूस रोज आखडायचाच सराव करतो.

सगळंच सैल नको, हे पण ऐक, नाहीतर पुढच्या महिन्यात मलाच म्हणशील सर तुम्हीच सांगितलं होतं. घोटा कडक पाहिजे. फास्ट पळताना पाय जमिनीवर सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टेकतो, तेवढ्यात घोटा चेंडूसारखा उसळला पाहिजे, दबला तर वेग जमिनीत गेला. त्यासाठी दोरीवरच्या उड्या, रोज पाच-सात मिनिटं, टाच न टेकवता. पोट आणि कंबर पण धरलेली पाहिजे, नाहीतर खालून आलेली ताकद वर डोलण्यात जाते. तालमीतले वस्ताद हेच सांगतात, ताठ पैलवान खांबासारखा असतो, समोरच्याने धरलं की पडला, आणि ढिल्याला तर काय उचलूनच नेतात, अंग मऊ पाहिजे पण बैठक पक्की. आणि आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं त्याने, त्या खेळात तर पळणं नाही काही नाही, तिथे पण शिकवताना पहिली गोष्ट हीच की रायफल हाडांवर तोल, मसलवर नको, कारण मसल थरथरते, हाड थरथरत नाही. खेळ कुठलाही असो, कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं एवढंच शिकायचं असतं.

गोळाफेकीबद्दल तू विचारलं नाहीस पण सांगून टाकतो, भरतीत १५ मार्क तिला पण आहेत. ७.२६० किलोचा गोळा हातात आला की पोरं आधी दंड फुगवतात. दंडाची पुढची मसल कोपर दुमडते, आणि फेकताना कोपर उघडायचं असतं, म्हणजे तू स्वतःलाच मागे ओढतोयस. जोर पायातून, मग कंबर फिरते, मग छाती, हात सगळ्यात शेवटी, चाबकाचं टोक असतं तसा. वर्तुळात शिरल्यावर एक श्वास सोड, खांदा पाड, आणि मग गोळा मानेला लाव. पावसात गोळा ओला असतो आणि निसटेल या भीतीने पोरं मूठ आवळतात, छोटा नॅपकिन खिशात ठेव.

आता भरतीच्या दिवसाचं, कारण घरच्या ग्राउंडवर सैल पळणारी पोरं तिथे जाऊन परत ताठ होतात. रात्रीची एसटी पकडून येतात, कुठेतरी कट्ट्यावर झोपतात, पहाटे चारला लाइनीत, मग कागदपत्रं, उंची, छाती, चेस्ट नंबर, आणि उन्हात नाहीतर गारठ्यात तीन-तीन तास मांडी घालून बसवतात. आणि मग एकदम उठवून पळायला लावतात. तिथे मांडी घालून पोक काढून बसू नकोस, दर वीस मिनिटांनी उठायला मिळालं तर उठ, नाही मिळालं तर बसल्या जागी घोटे फिरव, खांदे फिरव, मुठी आवळ-सोड कर. अंगात जर्किन किंवा जुना शर्ट ठेव, गार अंग सैल होत नाही. नंबर यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मिळाली तर हळू जॉगिंग, पाय झुलवणं, गुडघे वर, दोन-तीन छोट्या स्ट्राइड. पाय ताणून एकेक मिनिट धरून बसायचं स्ट्रेचिंग तिथे करू नकोस, रेसच्या तोंडावर त्याने मसलची उसळी कमी होते, ते संध्याकाळी घरी. बुटाची लेस पण बघ, टेन्शनमध्ये पोरं एवढी करकचून बांधतात की दुसऱ्या राउंडला पंजा बधिर. आणि बाजूच्या पोराचं टायमिंग विचारू नकोस. खरं सांगेलच असं नाही, आणि खरं सांगितलं तरी तुला काय करायचंय.

अजून एक, प्रत्येक आखडणं टेन्शनचं नसतं. एकाच बाजूला सारखं ओढत असेल, रात्री पण दुखत असेल, मुंग्या येत असतील किंवा पळायला लागल्यावर एका ठरावीक जागी टोचत असेल, तर तो फिजिओचा विषय आहे, पान धरून ते जाणार नाही. हॅमस्ट्रिंग कायम ताठ वाटते म्हणून रोज ओढणारी पोरं असतात, खूपदा ती कमजोर असते म्हणून ताठते, तिला ताकदीचा व्यायाम पाहिजे, तिथे तुझी जिम कामाला येईल. मुलींना दम लवकर लागत असेल, पाय जड वाटत असतील तर आधी हिमोग्लोबिन बघून घ्या, याच्याकडे घरचे कायम दुर्लक्ष करतात.

उद्या सकाळपासून पान चालू कर. हिरवं तोडू नकोस, ते दाबलं तरी चुरत नाही आणि तुला वाटेल जमलं. खाली पडलेलं, दोन दिवस उन्हात वाळलेलं घे. शनिवारी १६०० लाव, चौथ्या राउंडचा व्हिडिओ बाजूने काढ, आणि फिनिशनंतर वाकून गुडघ्यावर हात ठेवायच्या आधी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर उघड. टायमिंग नंतर पाठव, आधी हातांचा फोटो.